दोन स्पीकरवाले काका

नागपूरच्या धरमपेठेत भाड्याची खोली शोधत फिरताना घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले होते. लग्न झालं का, मटण खाता का, मित्र येतात का, आणि आले तर जातात का. शेवटी भेटलेल्या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. वरची खोली दाखवून झाली, आम्ही खाली उतरायला लागलो, तेव्हा त्यांनी मला जिन्यातच थांबवलं आणि म्हणाले, "स्पीकर किती?"

मला वाटलं, माणसाला गोंगाट नको असेल. मी घाईघाईनं सांगितलं की एकही नाही, कधीमधी मोबाइलवरच ऐकतो. लांबून आलेला पाहुणा जेवून आलेला नाही हे कळल्यावर घरची माणसं हळहळतात, तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे कोरे हाये तुमी," ते म्हणाले. "चालते. बिघडलेल्यापेक्षा कोरा बरा."

बिघडलेला कोण ते नंतर कळलं. माझ्या आधी त्या खोलीत औषधांच्या कंपनीतला एक माणूस राहायचा. त्याच्याकडे पाच स्पीकर होते आणि शिवाय जमिनीवर ठेवायचा तो धडधडणारा डबा. त्यानं पिक्चर लावला की खाली काकांच्या कपाटातल्या कपबशा जागच्या हलायच्या. पण काकांची तक्रार कपबशांची नव्हती. एवढा शिकलेला माणूस स्वतःच्या पाठीमागे स्पीकर लावतो, ही तक्रार होती. पाठीमागून माणसाशी बोलतं कोण, ते विचारायचे, एक तर चुगलखोर, नाहीतर पाकीटमार. तो बिचारा भाडं वेळेवर द्यायचा, पाणी जपून वापरायचा, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे न कळताच खोली सोडून गेला.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी नुकसानीचे दावे तपासले. नरखेडकडे कुणाचा विहिरीवरचा पंप जळो की काटोल रस्त्यावर संत्र्याची गाडी उलटो, काका एसटीनं जागेवर पोचायचे आणि जमलेल्या माणसांना एकच गोष्ट विचारायचे: तू कुठी उभा होता? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या एका प्रश्नावर अर्धेअधिक खोटे साक्षीदार घरी निघून जात. निवृत्तीनंतर दावे संपले, प्रश्न तेवढा अंगात राहिला. मग काका तो गाण्यांना विचारू लागले. तबलेवाला कुठी बसला? सारंगी त्याच्या किती जवळ? गाणारी बाई तोंड वळवते तेव्हा कुठं पाहते? ज्या रेकॉर्डिंगला या प्रश्नांची उत्तरं देता येत नसत, ते त्यांच्या घरात दुसऱ्यांदा वाजत नसे.

खालचा त्यांचा हॉल मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ही मंडळी घर सोडून चालली की काय. सोफा नाही, दिवाण नाही, टीव्ही नाही. समोरच्या भिंतीपासून हातभर पुढे दोन उंच लाकडी स्पीकर, पहारेकऱ्यांसारखे. त्यांच्याकडे तोंड करून बरोबर मध्यावर हातांची एक लाकडी खुर्ची. भिंतींना जुन्या सतरंज्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर लाल ऑइलपेंटचे ठिपके होते. काकूंनी झाडताना खुर्ची सरकवली की ती पुन्हा ठिपक्यांवर बसवल्याशिवाय काका चहाला हात लावत नसत.

त्या खुर्चीचं महत्त्व त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि आपलं डोकं, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला की दोन्ही स्पीकर नाहीसे होतात आणि मधल्या रिकाम्या जागेत गाणारा येऊन उभा राहतो. वीतभर इकडेतिकडे झालं की तो जातो. मी विचारलं की मग घरातल्या बाकीच्यांनी कुठं बसायचं. काकांना हा प्रश्न नवीन असावा. थोडा विचार करून ते म्हणाले, "बाकीच्यांनं थांबायचं."

मला त्या खुर्चीत बसायचा मान मिळाला तो मे महिन्यात. नागपुरात मे महिन्यात माणूस कूलरसमोरून उठतो तो फक्त नाइलाज म्हणून. पण कूलरची घरघर गाण्यावर पडते, म्हणून काकांनी तो बंद केला. पंखाही बंद केला. खिडक्या आधीच बंद होत्या. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा टाकला, मलाही एक पिळून दिला आणि एक जुनी ठुमरी लावली. पहिली पाच मिनिटं मला फक्त माझ्या पाठीवरून उतरणारा घाम ऐकू येत होता. मग काय झालं कुणास ठाऊक, पण खरंच, दोन स्पीकरांच्या मधे, साधारण माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एक बाई श्वास घेताना दिसली. ऐकू आली म्हणायला पाहिजे, पण दिसली. मी तसं बोललो आणि काका इतके खूश झाले की त्यांनी माझा पंचा स्वतः पुन्हा भिजवून आणला.

त्याच दिवशी त्यांनी मला यामागचं कारण सांगितलं. ते मूळचे उमरेडचे, घरी पिढीजात विणकाम. वडील आणि वडिलांचे धाकटे भाऊ हातमागावर लुगडी विणायचे. घरातल्या लांबट खोलीत दोन माग समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी होते आणि दोन्हींच्या मधे, जरा मागे, अंथरुणावर लहानगे आमचे काका. डावीकडून बापाचा ठोका, उजवीकडून चुलत्याचा. सुताचा धोटा इकडून तिकडे जातानाचा आवाज, मग फणीचा दणका. बापाला खोकला आला की डावा माग अडखळायचा. "दोन बाजूले दोन आवाज अन् मधात मी," ते म्हणाले. "आणखी काय पाहिजे माणसाले?" भिंतीवरच्या सतरंज्या त्याच घरातल्या होत्या. अशा कारणापुढे काय बोलायचं? पण पंचा वाळला होता आणि कूलर लावायला कुणी उठत नव्हतं.

माझी एक चूक मात्र महागात पडली. काटोलचा माझा एक मित्र संत्र्याचा व्यापार करतो. त्यानं नवीन घर बांधलं आणि हॉलमध्ये झकास होम थिएटर लावून घेतलं. फोनवर त्यानं सहज विचारलं की स्पीकर आणखी वाढवू का, आणि मी बोलून गेलो की आमच्या घरमालकांना यातलं फार कळतं. पुढच्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, मोजायची टेप खिशात घेऊन माझ्या दारात उभे होते.

मित्राच्या घरी आमचं स्वागत जावयासारखं झालं. चिवडा, पोहे, संत्र्याची बर्फी. मग त्यानं मोठ्या हौसेनं एक लढाईचा पिक्चर लावला. हेलिकॉप्टर उजव्या मागच्या कोपऱ्यातून आलं, आमच्या डोक्यांवरून गेलं आणि समोरच्या टीव्हीत उतरलं. मित्राचे वडील दर वेळेप्रमाणे खाली वाकले. सगळे काकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

काकांनी विचारलं, "हेलिकॉप्टर आपल्या डोक्यावरून गेलं ना?"

"हो जी."

"म्हणजे आपण मैदानात उभे हावो. अन् तो समोरचा हिरो नदीच्या पल्याड हाये. मग तो आपल्या कानात कसा बोलून राहिला?"

मित्र म्हणाला, "काका, पिक्चर हाये तो."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले आणि नोकरीभर ज्या आवाजात म्हणाले असतील त्याच आवाजात निकाल दिला, "दावा नामंजूर."

मग त्यांनी मागचे, बाजूचे, छतातले सगळे स्पीकर बंद करायला लावले. पुढचे दोन तेवढे ठेवले, टेपनं मोजून जागा काढली आणि आता खरं गाणं ऐका म्हणाले. अडचण एवढीच होती की खरं गाणं एकाच जागी ऐकू येणार होतं आणि घरात माणसं होती डझनभर. काकांनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी सगळ्या घराला एकामागे एक, एका रेषेत बसवलं. पुढे मित्राचे वडील, मागे आई, मग मित्र, त्याची बायको, भाऊ, भावजय, आत्या, सगळ्यात मागे पोट्टे. तिकिटाच्या खिडकीसमोर लागते तशी ती रांग त्या चकाचक हॉलमध्ये मांडी घालून बसली. काकांनी भजन लावलं. पहिल्या कडव्यालाच वडिलांना झोप लागली आणि त्यांची मान एका बाजूला पडली. तशी काकांनी ती अलगद सरळ केली, मागच्यांचा आवाज अडत होता म्हणून. भजन संपल्यावर त्यांनी कसं वाटलं विचारलं. शेवटी भावजय म्हणाली, "मले तं सगळ्यायची टाळकी दिसली जी."

मित्र आम्हाला स्टँडवर सोडायला आला. संत्र्याची पिशवी हातात देत तो काकांना म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं खोटं नाई. पण ते एकट्या माणसाचं मशीन हाये. आमच्या घरी एकटं कोणी सापडत नाई."

काका परतीच्या एसटीत खिडकीशी बसून एकामागून एक संत्री सोलत राहिले. कळमेश्वर गेल्यावर बोलले. म्हणाले, पोरगा हुशार आहे, व्यापारात पुढे जाईल. मग आणखी एक संत्रं सोलून झाल्यावर, "पण कानाचं त्याले समजत नाई."

आता काकूंविषयी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. काकू शाळेत गणित शिकवायच्या. नुसत्या वर्गात आल्या तरी पोरांचे हातपाय गार पडत, असं त्यांचा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला होता, आणि तो आता स्वतः पोलिसात आहे. अशा काकूंना स्वतः घाबरायची भारी हौस होती. भुताचे पिक्चर त्यांना इतके आवडायचे की मराठी, हिंदी, भाषा न समजणारे कोरियन, सगळे पाहून झाले होते. पण पाहायचे कुठं? हॉलमध्ये टीव्हीला परवानगी नव्हती. काकू स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता, मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून भुतं बघायच्या. एकदा मी दूध मागायला गेलो, तर हातातली चवळी तशीच ठेवून मला म्हणाल्या, "एवढंसं भूत. बरणीपेक्षा बुटकं. याले कोण भिते, तूच सांग."

त्या निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की हॉलमध्ये मोठा टीव्ही येणार आणि त्याच्यासोबत पाच स्पीकर येणार, डब्यासकट. मी तेव्हा त्यांच्याकडे पेढे खायला बसलो होतो. काकांनी पेढा तोंडात तसाच ठेवला. मग गिळून त्यांनी नेहमीचं सुरू केलं. आवाज समोरून येतो, मागून आवाज आणणं म्हणजे खोटी साक्ष उभी करणं, वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, वर्गातल्या शेवटच्या बाकाचं ऐकतात तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "भूत काय समोरून येते? सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन?"

उत्तर नसलेला माणूस करतो तेच काकांनी केलं, धमकी दिली. या हॉलमध्ये एक तर मागचा स्पीकर राहील, नाहीतर मी. काकू म्हणाल्या, ठीक आहे, गॅरेज झाडून देते.

आणि काका खरोखर गॅरेजमध्ये गेले. दोन्ही स्पीकर, खुर्ची, सतरंज्या, सगळं घेऊन. झोपायला आणि जेवायला घरात यायचे, बाकी दिवस गॅरेजमध्ये. लाल ठिपके तिथंही दिले. अडचण स्कूटरची होती. ती बाहेर ठेवली तर चोरीला जाईल आणि आत ठेवली तर नेमकी दोन स्पीकरांच्या मधे येई. त्यामुळे काकांच्या हिशेबाप्रमाणे एवढ्या मोठ्या गायिका आता स्कूटरच्या सीटवर उभ्या राहून गात होत्या. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हस. पण त्या पडून नाई राहिल्या, इतकी जागा पक्की हाये."

नवराबायकोचं बोलणं जवळपास बंद झालं. जे होतं ते माझ्यामार्फत. काकांना सांग, गिरणीतून दळण आणायचं आहे. काकूला सांग, छत्रीची काडी तुटली. हॉल रिकामा पडला होता आणि तरी काकू टीव्ही आणत नव्हत्या. मला हे कोडं सुटेना. पैसे त्यांचे, हॉल मोकळा, विरोधक गॅरेजमध्ये. एके दिवशी मी विचारलं की आता कशाची वाट पाहता. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकटीनंच भ्यायचं असतं तं फोन होता ना."

त्या दिवसापासून मला या भांडणाची गंमत वाटेनाशी झाली. काकू ज्या वयात आल्या होत्या, त्या वयात माणसाला वाटतं की आता तरी शेजारी कुणी बसावं. इतकी वर्षं या घरात गाणं वाजत होतं आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून, नाहीतर ओट्यापाशी उभ्या राहून ते बाजूनं ऐकत होत्या. काकांना हे सांगायचं म्हणून मी दोनदा गॅरेजमध्ये गेलो आणि दोन्ही वेळा सारंगी ऐकून परत आलो.

तेवढ्यात काकांच्या मोठ्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या उमरेडला मुलाकडे असायच्या, पण ऑपरेशन नागपुरात, म्हणून इकडे आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. बारीक चणीच्या, तोंडात सदा सुपारी आणि भाऊ साठी ओलांडून गेला तरी त्याच्याशी आठ वर्षांच्या पोराशी बोलावं तसं बोलणं. ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर काळा चष्मा लावून घरभर चाचपडत फिरताना दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपला भाऊ गॅरेजमध्ये राहतो.

दुपारी त्या तिकडे गेल्या. सोबतीला हात धरून काकू आणि मागून मी. अक्का स्कूटरला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गा, इथी काहून बसला तू? घरात जागा नाई?"

काकांना वाटलं, आपला साक्षीदार आला. घरातल्या सगळ्यांत अक्काच ते उमरेडचं घर पाहिलेली. त्यांनी उत्साहानं सगळी मांडणी केली. आपल्या घरी कसे दोन माग होते, डावीकडे बाबा, उजवीकडे काका, मधे मी. म्हणून दोनच आवाज, समोरून. हे खरं की नाही, सांग यांना.

अक्कांनी सुपारी दुसऱ्या गालात घेतली. "अन् आई?"

"आई चुलीपाशी असन."

"दिवसभर चुलीपाशी? मग दोन मागाले कांड्या कोण भरून देत होतं? सूत काय आपोआप गुंडाळे कांडीवर?"

काकांनी खुर्चीखालच्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं.

"तुह्या पाठीमागं, भिंतीशी आईचा चरखा होता," अक्का म्हणाल्या. "कुरकुर कुरकुर चाले सकाळपासून. तू तिच्या मांडीले पाठ लावून झोपत होता. माग थांबले तरी तू झोपूनच राहे. चरखा थांबला का उठे अन् भोकाड पसरे."

काकांनी मान हलवली. असं काही नव्हतं, म्हणाले. आपल्याला बाबांचा खोकला आठवतो, धोट्याचा आवाज आठवतो, फणीचा आठवतो. चरखा आठवत नाही. आणि मग सवयीनं, जन्मभराच्या सवयीनं, ते आपल्या बहिणीला विचारून बसले, "तू कुठी होती तवा?"

"मी? तिच्याजवळच बसली होती. तुटलेलं सूत जोडून देत होती," अक्का म्हणाल्या. "तूच पाठमोरा होता."

गाणं चालूच होतं, बाई स्कूटरवर उभी राहून विरहाचं काहीतरी गात होती. काकांनी उठून ते बंद केलं. एवढ्या वर्षांत कडव्याच्या मध्यावर त्यांनी गाणं बंद केल्याचं मी पाहिलं नव्हतं. अक्का काकूंना म्हणाल्या, चल वं, चहा टाक, आणि दोघी घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन सीताबर्डीला निघाले. दुकानात शिरल्यावर त्यांनी विक्रेत्याला सांगितलं की एक स्पीकर पाहिजे. त्यानं विचारलं, कोणता. काका म्हणाले, मागचा. तो गडबडला. त्यानं समजावलं की मागचा असा एकटा मिळत नाही, एक तर दोनाची जोडी घ्या नाहीतर पाचाचा पूर्ण सेट. काका ऐकेनात. मला दोन नको, पाच नको, दोन माझ्याकडे आहेत, मला पाठीमागे ठेवायला एकच पाहिजे आणि तो फार मोठ्यानं बोलणारा नको. विक्रेत्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं अशी काही पद्धतच नाही म्हणून सांगितलं. काकांनी त्याला पद्धत कुणी ठरवली ते विचारलं आणि ती ठरवणारा कुठं उभा होता, हेही विचारलं. गर्दी जमायला लागली. मी बाजूला होऊन काकूंना फोन लावला आणि सगळा प्रकार सांगितला. मग त्या म्हणाल्या, "फोन दे त्यायले."

काकांनी फोन कानाला लावला. काकू काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. काका दोनदा "हो" म्हणाले आणि एकदा "बरं". मग फोन मला परत देऊन मॅनेजरला म्हणाले, "द्या पाच. डब्बा पण द्या."

गाणी मात्र दोनच स्पीकरांवर ऐकायची, हा करार झाला. काकांचे स्पीकर, खुर्ची आणि सतरंज्या हॉलमध्ये परत आल्या, गॅरेज स्कूटरला मिळालं. मोठा टीव्ही समोर लागला आणि मागच्या भिंतीवर, सतरंजीच्या दोन्ही कडांना दोन छोटे स्पीकर. ते बसवायला आलेल्या मिस्त्रीला काकांनी इतकं मोजायला लावलं की तो जाताना मला हळूच विचारून गेला, साहेब डॉक्टर आहेत का.

पहिला पिक्चर दुपारी लागला. काकूंनी पडदे ओढून अंधार केला, फुटाणे भाजून ठेवले. मागच्या भिंतीवरची सतरंजी काढून जमिनीवर अंथरली होती. काकू, त्यांच्या शेजारी काका, पलीकडे अक्का आणि कडेला मी. अक्कांना डॉक्टरांनी टीव्ही पाहायला मनाई केली होती, म्हणून त्या काळा चष्मा लावून नुसत्या ऐकायला बसल्या होत्या. पिक्चर एका ओसाड डाक बंगल्याचा होता. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. दार वाजलं, वारा सुटला, काकूंनी उशी पोटाशी धरली. काका पाठ ताठ करून बसले होते, कोर्टात बसल्यासारखे.

मग समोर सगळं शांत झालं आणि आमच्या अगदी पाठीमागे, भिंतीपाशी एक बाई हुंदके देऊ लागली. हळू, पण इतकी जवळ की माझ्या मानेवर काटा आला. काकूंचे डोळे विस्फारले. त्या कितीतरी वर्षांपासून या एका हुंदक्याची वाट पाहत होत्या.

आणि अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "मागं कोण रडून राहिली गा? तिले काहून बसवली मागं? समोर बोलवा ना."

मला हसू आवरेना. काकूंच्या तोंडातले फुटाणे उडाले. भुताची पार रया गेली. अक्कांना कळेना की हसण्यासारखं काय झालं. त्या पुन्हा म्हणाल्या, घरी आलेल्या बाईला असं कुणी भिंतीशी बसवतं का.

काका हसत नव्हते. ते पूर्ण मागे वळून बसले होते आणि त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत होते, जिथं ते दोन बोटभर स्पीकर सोडले तर काहीच नव्हतं. काकूंनी हसणं थांबवलं. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि पिक्चर बंद करायला रिमोट उचलला. काकांनी न पाहताच त्यांचा हात धरला.

"राहू दे वं," ते म्हणाले. "चालू दे."

"मग समोर पाहा ना," काकू म्हणाल्या. "भूत तिकडं येऊन राहिलं."

"पाहतो," काका म्हणाले, पण बराच वेळ वळले नाहीत.